चांदी घासण्याआधी तोलून घ्या

रमजानच्या महिन्यात आमच्या घरी एक जुनी वही कपाटातून बाहेर निघते. मरहूम अब्बांनी ती सुरू केली. जकातीच्या हिशेबासाठी घरातील सोने-चांदी वर्षातून एकदा तोलायची आणि प्रत्येक वस्तूचे वजन तारखेसह लिहून ठेवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, हा आकडा वहीच्या पहिल्याच पानावर आहे. त्याच्यापुढे ६१२.३६ ग्रॅम हे मी नंतर लिहिले. खाली वस्तूंची यादी : अत्तरदाणी, सुरमादाणी, छोटे पानदान, अम्मीचे पैंजण, अब्बांच्या शेरवानीची बटणे.

या वहीने मला एक धडा दिला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख. अत्तरदाणीचे वजन १९८७ साली १८ तोळे, म्हणजे सुमारे २१० ग्रॅम लिहिलेले आहे. २०१२ च्या रमजानमध्ये ते २०६ ग्रॅम भरले. २०१३ च्या रमजानमध्ये पाहतो तर १९९ ग्रॅम. पंचवीस वर्षांत चार ग्रॅम गेले होते आणि पुढच्या एका वर्षात सात!

आठवून पाहिले. पंचवीस वर्षे अम्मी दर ईदला ती राखेने घासत असे. चार ग्रॅम त्यात गेले असावेत. आणि २०१३ साली घरात निकाह होता, म्हणून काळी पडलेली अत्तरदाणी एका पॉलिशवाल्याकडे दिली होती. ती आरशासारखी चमकून आली. सर्वांनी वाहवा केली. पण तिच्यावर कोरलेले दादाजानचे नाव पुसट झाले होते, हे तेव्हा गर्दीत कोणाच्या लक्षात आले नाही. पॉलिशवाल्याची नियत काय होती ते मी सांगू शकत नाही, कारण देताना मी वजन केले नव्हते आणि घेतानाही केले नाही. दुकानात कापडाचा तागा गिऱ्हाइकासमोर मोजून देणारा मी, घरची चांदी मात्र न तोलता देऊन आलो! तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

त्या वेळी ही तीन-चारशे रुपयांची गोष्ट होती. आता तसे राहिले नाही. २०२५ च्या सुरुवातीला किलोला ९० हजारांच्या आसपास असलेली चांदी त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये २ लाखांच्या वर गेली. त्या भावाने सात ग्रॅमचे चौदाशे रुपये होतात. म्हणून चांदी काळी का पडते, घरच्या घरी ती कशी उजळावी आणि कोणत्या वस्तूला हात लावू नये, हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

काळेपणा म्हणजे काय?

चांदी लोखंडासारखी गंजत नाही. नुसत्या स्वच्छ हवेने तिला काही होत नाही. तिचा शत्रू गंधक. (मी उर्दू माध्यमात शिकलो. चांदी आणि गंधक हे दोन्ही शब्द उर्दूत व मराठीत एकच आहेत, त्यामुळे हा धडा समजायला मला अडचण पडली नाही.) हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अगदी अल्प प्रमाणात असतो. सडलेल्या अंड्याला जो वास येतो तो याचाच. या वायूतील गंधक चांदीशी जुळतो आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. हा थर आधी पिवळसर दिसतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी काळा पडतो. हवेत दमटपणा असला की ही क्रिया जलद होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत चांदी जास्त काळवंडते ती यामुळेच.

आता मुद्द्याची गोष्ट. या काळ्या थरात वजनाने सुमारे ८७ टक्के चांदीच असते, बाकी गंधक. म्हणजे आपण ज्याला मळ समजून घासतो, ती बहुतांशी आपली चांदीच आहे.

पण हा थर असतो किती? केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ. तळहातावर मावणाऱ्या अत्तरदाणीवरचा सगळा काळेपणा खरवडून तोलला, तर तो ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकाही भरणार नाही. हे एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ नुकसान टळेल. नक्षीच्या खाचेत तेल, धूळ, जुने साबण साचलेले असेल तर त्याचे थोडे वजन धुण्यात कमी होईल, ते वेगळे. परंतु धुतलेली वस्तू पॉलिशहून परत आली आणि तिचे वजन ग्रॅमने कमी झाले, तर ते वजन काळेपणाचे नव्हे, खालच्या चांगल्या चांदीचे आहे.

काळी पडली म्हणजे खोटी काय?

बाजारात यावरून नेहमी तंटे होतात. गिऱ्हाईक म्हणते, 'चांदी काळी पडली, म्हणजे टंच कमी आहे.' हा गैरसमज आहे. शुद्ध चांदीही गंधकाने काळी पडते. दागिन्याची चांदी मऊ राहू नये म्हणून तिच्यात तांबे मिसळतात. ९२५ छापाच्या वस्तूत हजारात ९२५ भाग चांदी असते. तांब्यामुळे रंग थोडा लवकर उतरतो इतकेच. उलट, जी 'चांदी' वर्षानुवर्षे पांढरी राहते, ती रोडियमचा मुलामा दिलेली असू शकते, किंवा जर्मन सिल्व्हर असू शकते. जर्मन सिल्व्हर हे नाव फसवे आहे. ते तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण असून त्यात चांदी मुळीच नसते.

दुसरा गैरसमज अंगठीबद्दल. आपल्याकडे पुरुष चांदीची अंगठी घालतात. ती काळी पडली की 'अंगात काही आजार आहे' असे म्हणतात. घाम, साबण, केसांचा रंग, खरजेचे गंधकयुक्त मलम, एवढी साधी कारणे त्यामागे असू शकतात. अंगठी पाहून रोगाचे निदान होत नाही.

खरे टंच ठरवायचे तर छाप पाहावा. चांदीसाठी हॉलमार्कची योजना २००५ पासून आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या नव्या चांदीवर सहा अक्षर-अंकांचा क्रमांकही येऊ लागला. योजना ऐच्छिक ठेवली असली तरी ज्या वस्तूवर हा क्रमांक आहे, तो 'बीआयएस केअर' या मोबाइलवरील सोयीत घालून पडताळता येतो. चांदी घासताना हा छाप झिजवू नये, हेही ओघाने आले.

आपल्या भागात गंधक कोठून येतो?

नाशिक जिल्ह्यात गंधकाला तोटा नाही. लासलगावचा कांदा देशभर जातो. कांदा-लसणाच्या उग्र वासात गंधकाचीच संयुगे असतात. ज्या खोलीत कांद्याची गोणी, त्याच खोलीत चांदीचा डबा ठेवला तर चांदी लवकर काळवंडणार. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षबागांवर भुरी रोगासाठी गंधकाची भुकटी मारतात. बागेत काम करून आलेल्या हातांनी, कपड्यांनी ती घरात येते. जुन्या नाशकातील दाट वस्तीत उघडी गटारेही आहेत. गोदावरीला पूर आला की सराफ बाजारात पाणी शिरते, २०१६ आणि २०१९ साली आपण ते पाहिले. पुराच्या गाळात बुडालेल्या वस्तू काळ्या होणारच.

घरातही गंधक असतो. अंड्याचा बलक, लोकर आणि रबर यांत तो असतो. चांदीचे पैंजण कागदात गुंडाळून वर रबर बँड लावून ठेवण्याची सवय फार वाईट. रबर जिथे टेकते तिथे काळी रेघ उमटते. लोकरी शालीत चांदी गुंडाळणे हेही तसेच.

आमच्या धंद्याचा दोष

आता एक कबुली देतो, कारण आमच्या धंद्यातील बांधवांच्या उपयोगी पडेल. काही वर्षांपूर्वी शेरवानीबरोबर चांदीच्या बटणांचा जोड आम्ही दुकानातून देत असू. बटणे सराफाकडून घ्यायची आणि उरलेल्या काळ्या अस्तराच्या छोट्या पिशव्या शिवून त्यांत घालून द्यायची. एका पावसाळ्यानंतर सात-आठ गिऱ्हाइके तक्रार घेऊन आली. बटणे पार काळी. मी तडक सराफाला दोष दिला, टंच कमी दिलेत म्हणून. त्याने माझ्यासमोर बटण तपासून दाखवले. चांदी चोख होती. माझी मान खाली गेली.

दोष पिशवीच्या कापडाचा होता. स्वस्त काळे सुती कापड बहुधा गंधकी रंगात, म्हणजे सल्फर ब्लॅकमध्ये रंगवलेले असते. रंग पक्का बसतो, धुण्याला टिकतो आणि स्वस्त पडतो, म्हणून गिरण्यांत व प्रोसेस हाउसमध्ये तो सर्रास वापरतात. पण कापड नीट धुतलेले नसेल तर त्यात गंधक मागे राहतो आणि दमट हवेत तो चांदीला खातो. काळ्या मखमलीच्या खोक्यांतही रंगाचा आणि आतल्या सरसाचा हाच धोका असतो.

कोणते कापड चांदीला चालेल हे पाहण्याची एक रीत आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ साली ती मांडली आणि जगभरची संग्रहालये ती वापरतात. कापडाचा तुकडा आणि धातूची चकाकती पट्टी एका बंद नळीत, थोड्या पाण्यासह, ६० अंश उष्णतेत २८ दिवस ठेवतात. पट्टी काळी पडली तर ते कापड बाद. आपल्याला प्रयोगशाळा नको. काचेच्या बरणीत कापडाचा तुकडा, त्याला लागून एक चकाकता चांदीचा तुकडा आणि कोपऱ्यात ओला कापसाचा बोळा ठेवून झाकण घट्ट लावा. महिनाभर उबदार जागी ठेवा. दुसऱ्या बरणीत कापडाशिवाय तसाच चांदीचा तुकडा ठेवा. दोन्हींची तुलना केली की कापडाचे गुण कळतात. मी चार कापडे अशी पाहिली. धुतलेली, बिनरंगी, बिनखळीची मलमल पास झाली. काळे अस्तर नापास. तेव्हापासून बटणांना पांढऱ्या मलमलीची पिशवी देतो. तक्रार आली नाही.

घरच्या घरी उजळण्याची रीत

पहिली गोष्ट तोलणे. दहाव्या भागापर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा बाजारात स्वस्तात मिळतो. वस्तू तोला, वहीत लिहा, मग पुढे.

काळेपणा नुसता पिवळसर असेल तर फार काही करायचे कारण नाही. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस किंवा सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुवा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि जुन्या मलमलीने टिपून कोरडी करा. रोज वापरातली चांदी सहसा याच्यापलीकडे जात नाही. पेटीत पडून राहिलेली चांदीच जास्त काळी होते.

काळेपणा गडद असेल तर अल्युमिनियमची रीत करावी. ही रीत मला माझ्या भाचीने सांगितली, ती तेव्हा बी.एस्सी.ला होती. लागणारे सामान कोणत्याही स्वयंपाकघरात असते :

१) आधी वस्तू साबणाने धुवून तेलकटपणा काढा. तेल राहिले तर काम होत नाही.

२) काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पसरट भांड्याच्या तळाशी अल्युमिनियमचा कागद अंथरा. पोळ्या गुंडाळतात तोच. जुने अल्युमिनियमचे पातेले असेल तर कागदही नको, मात्र पातेल्याचा रंग जाईल.

३) वस्तू कागदाला टेकेल अशी ठेवा. टेकणे जरुरीचे आहे, अधांतरी राहिली तर काळेपणा निघणार नाही.

४) लिटरभर पाण्याला खाण्याच्या सोड्याचे चार मोठे चमचे या हिशेबाने सोडा पसरा आणि वरून कढत पाणी ओता. वस्तू बुडाली पाहिजे. प्लॅस्टिकचे भांडे कढत पाण्याला टिकणारे असावे.

५) काही मिनिटांत काळेपणा उतरू लागतो. वस्तू लाकडी चिमट्याने उलटवा. फार काळी असेल तर नवा कागद, नवे पाणी घेऊन पुन्हा करा.

६) स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, मलमलीने पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. घुंगरांच्या आत, कडीच्या सांध्यात पाणी राहू देऊ नका.

हे करताना सडक्या अंड्यासारखा वास येईल. घाबरू नका. चांदीला चिकटलेला गंधक सुटून चाललेला आहे. खिडकी मात्र उघडी ठेवा आणि भांड्यावर तोंड नेऊन पाहू नका.

या रीतीत होते काय? अल्युमिनियम हा चांदीपेक्षा अधिक चटकन झिजणारा धातू. सोड्याच्या पाण्यात दोन्ही धातू एकमेकांना टेकले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. अल्युमिनियम झिजतो, गंधक चांदीला सोडतो आणि बरीचशी चांदी जागच्या जागी परत चांदी होते. घासण्यात ती मोरीत वाहून जाते, हा फरक. परतलेली चांदी थोडी मळकट पांढरी, बिनचमकेची दिसते. चमक हवी असेल तर वस्त्रगाळ केलेली खडूची भुकटी पाण्यात कालवून मऊ कापसाने हलक्या हाताने फिरवा. गोल-गोल न चोळता एका दिशेने पुसा.

आमची अत्तरदाणी २०१३ नंतर याच रीतीने उजळतो. दरवर्षी नव्हे, दोन-तीन वर्षांतून एकदा. वहीत तेव्हापासून १९९ हाच आकडा आहे.

काय वापरू नये

राख आणि रांगोळी यांत वाळूचे कठीण कण असतात. चांदी त्यामानाने फार मऊ, तिच्यावर बारीक रेघा पडतात आणि त्या रेघांत पुढे काळेपणा लवकर बसतो. दात घासण्याची पेस्टही दातांसाठी केलेली आहे. दाताचे कवच चांदीपेक्षा कितीतरी कठीण असते. चिंच व लिंबू-मीठ तांब्या-पितळेला ठीक. तांबट लेनमधल्या हंड्या-कळशांची रीत चांदीला लावू नये. आंबट पदार्थ चांदीतले तांबे खातो आणि मीठही चांदीला बाधते. कपड्यांचे ब्लीच तर मुळीच नको, त्याने चांदी उलट डागाळते.

बाटलीतले 'सिल्व्हर डिप' मिळते. त्याने काळेपणा झटकन जातो, पण तो द्रवात विरघळून जातो, त्यातली चांदी परत येत नाही. वस्तू त्यात फार वेळ राहिली तर पृष्ठभाग फिका, खरबरीत होतो. हातांनाही ते चांगले नाही.

अल्युमिनियमची रीत चांगली असली तरी पुढील वस्तूंना ती करू नये :

मोती, फिरोजा किंवा चिकटवलेले खडे असलेल्या वस्तू. कढत पाण्याने खडा सुटतो, मोत्याची झिलई जाते.

आत लाख किंवा राळ भरलेले पोकळ दागिने. उष्णतेने भरण मऊ होऊन बाहेर येते.

मीनाकारी केलेल्या आणि सोन्याचे पाणी दिलेल्या वस्तू.

'ऑक्सिडाइज्ड' दागिने. त्यांच्या नक्षीतला काळेपणा कारागिराने मुद्दाम दिलेला असतो, तो निघाला तर नक्षी उठून दिसत नाही. जुन्या अत्तरदाणीच्या खोल खाचांतही थोडा काळेपणा राहू द्यावा, रूप त्यातच आहे.

लाकडी मूठ, आरसा, घड्याळ जोडलेल्या वस्तू.

अशा वस्तू कोरड्या मलमलीने पुसाव्यात. गरज पडली तर जाणत्या कारागिराकडे न्याव्यात.

जरीची गोष्ट वेगळी

येवल्याची पैठणी, निकाहाचा जुना दुपट्टा, शेरवानीचा कशिदा, यांतली खरी जरी म्हणजेही चांदीच. चांदीची बारीक तार ओढून, चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळतात आणि तिला सोन्याचा मुलामा देतात. मुलामा झिजला की खालची चांदी काळवंडते. आमच्या दुकानात बायका विचारतात, 'भाई, सोड्याच्या पाण्यात पदर बुडवू का?' माझे उत्तर एकच, मुळीच नाही. सोड्याने रेशीम खराब होते आणि रंग फुटतो. टूथपेस्ट, लिंबू, बटाट्याचा रस, यांतले काहीही जरीला लावू नये.

जरी काळी झाल्यावर ती पूर्ववत करणे कठीण, म्हणून आधीच जपावी. अत्तर जरीवर लावू नका, अंगाला लावून वाळू द्या. वापरून झाल्यावर पैठणी सावलीत हवेशीर ठेवा, घाम सुकला की धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा. वर्तमानपत्र नको, प्लॅस्टिकची पिशवी नको, शेजारी लोकरी कपडा नको. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर त्याच रेषेवर तार तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका.

पॉलिशला देताना

घराला दाराशी येणारा 'चांदी-सोना चमकवून देतो' म्हणणारा फिरस्ता हा सर्वांत मोठा धोका. शोऱ्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, चांदी विरघळवते. वस्तू त्याच्या भांड्यात बुडवून काढली की ती पांढरी दिसते, बाई खूश होते, आणि तो आपले पाणी घेऊन निघून जातो. त्या पाण्यात विरघळलेली चांदी तो मागाहून काढतो. सोन्याच्या बाबतीतही हीच फसवणूक दुसऱ्या तेजाबाने होते. घरात फक्त बायका-मुले असताना असा माणूस येतो. त्याला दारातूनच परत पाठवावे.

दुकानदाराकडे द्यायचेच झाले तर हे करा. वस्तूचे वजन त्याच्यासमोर करून चिठ्ठीवर लिहून घ्या. कोरलेले नाव, छाप आणि नक्षी यांचे फोटो मोबाइलवर काढा. यंत्रावरचे बफिंग हवे की हातपॉलिश, ते आधी ठरवा. बफिंगचे चाक काळ्या थराबरोबर खालची चांदीही थोडी घेते, हे त्या कामातच आहे. त्यात बेइमानी नाही, पण किती जाईल ते विचारून घ्या. परत घेताना पुन्हा तोला. घट चिठ्ठीवर लिहायला जो दुकानदार तयार होणार नाही, त्याच्याकडे वस्तू ठेवू नये.

कारागीर बंधूंसाठी

आपल्या समाजात पॉलिश, उजाळा आणि जरदोजीचे काम करणारे हात पुष्कळ आहेत. त्यांना सांगावेसे वाटते की हा लेख तुमच्या पोटावर पाय देण्यासाठी नाही. घरी सोड्याच्या पाण्यात बुडवून जे काम होते ते तुमचे कामच नव्हे. चेपलेली अत्तरदाणी काढणे, तुटलेली कडी झाळणे, उडालेला मुलामा पुन्हा देणे, लाख भरलेला दागिना जपून उजळणे, हे तुमचे हुनर आहे आणि त्याची मजुरी चांगली मिळाली पाहिजे.

चांदी किलोला दोन लाखांच्या वर जाऊन आली, तेव्हापासून गिऱ्हाईक एकेका ग्रॅमचा विचार करू लागले आहे. अशा वेळी दुकानावर एक काटा गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर ठेवा. आले तेव्हाचे वजन, गेले तेव्हाचे वजन, असे दोन रकाने असलेली छापील पावती द्या. बफिंगची भुकटी आणि चिंध्या यांतून जी चांदी निघते तिचा हिशेब आधीच मजुरीत धरून सांगा. त्या सात ग्रॅमचा जाब मला कोणी दिला नाही, पण त्या पॉलिशवाल्याकडे मी पुन्हा कधी गेलो नाही आणि ओळखीच्या कोणाला पाठवलेही नाही. त्याचे नुकसान माझ्यापेक्षा जास्तच झाले असेल.

गृहिणींनी आणि व्यापारी बांधवांनी पुढच्या रमजानची वाट पाहू नये. घरात चांदीच्या जेवढ्या वस्तू असतील, त्या या आठवड्यात काढा, रबर बँड आणि काळ्या पिशव्या फेकून द्या, प्रत्येक वस्तू तोला आणि एका वहीत तारखेसह लिहा. मग सोड्याचे पाणी तापवा.